आपल्या गाडीचा केसपेपर

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा फिजिशियन या नात्याने मधुमेहावर किंवा रक्तदाबावर काही लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर आपण वर्षभर बोलतच असतो आणि समाजबांधवही ते सौजन्याने ऐकून घेतात. म्हणून या खेपेस थोडी आडवाट धरतो. विषय आहे, आपल्या दारात उभी असलेली मोटारगाडी. हा विषय मी शोधला नाही, तो घरातच उद्भवला.

आमची छोटी पेट्रोल गाडी २०११ सालची. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली. आता तिची आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची की तिला निरोप देऊन नवी आणायची, असा प्रश्न उभा राहिला. पुण्याला असलेली कन्या फोनवर म्हणाली, "बाबा, आता इलेक्ट्रिकच घ्या. धुरापासून जपा म्हणून तुम्हीच पेशंटना सांगता ना?" अभियंता असलेल्या भाच्याचे मत हायब्रिडच्या बाजूने पडले. आमच्या शल्यचिकित्सक मित्रांनी मोठ्या डिझेल गाडीची शिफारस केली. शेजारी सीएनजीचे भक्त निघाले. निवृत्त प्राध्यापिका असलेल्या आमच्या सौ.ने मात्र सर्वांचे ऐकून घेऊन एवढेच विचारले, "अहो, घर ते दवाखाना चार किलोमीटर. त्यासाठी मुळात नवी गाडी हवी कशाला?"

वाचकहो, या प्रश्नाने मला थांबवले. पुढचे काही महिने मी फावल्या वेळात जे वाचले आणि कागदावर जी आकडेमोड केली, तिचे सार आपणांपुढे ठेवीत आहे. मी वाहनतज्ज्ञ नव्हे. परंतु रोग्याची पूर्ण हिस्टरी घेतल्याशिवाय निदान करू नये, ही शिस्त आपल्या गुरुजनांनी आपल्याला लावली आहे. तीच शिस्त मी गाडीला लावून पाहिली.

अर्धी हिस्टरी

गाडी चांगली की वाईट, हे आपण साधारणतः तिच्या सायलेन्सरकडे पाहून ठरवतो. धूर दिसला तर वाईट, दिसला नाही तर चांगली. सायलेन्सरच नसेल तर प्रश्नच मिटला. हे म्हणजे ताप नाही म्हणून रोगी निरोगी आहे, असे म्हणण्यासारखे झाले. गाडीचे आयुष्य शोरूममध्ये सुरू होत नाही आणि आपण ती विकतो तेव्हा संपतही नाही. खाणीतील लोखंड, बॉक्साइट आणि लिथियम येथे तिचा गर्भकाळ सुरू होतो. पुढे कारखाना, मग दहा-पंधरा वर्षांचे धावणे, त्या धावण्यासाठी लागणाऱ्या इंधनाची स्वतंत्र कथा आणि शेवटी भंगार. या साऱ्या प्रवासातील पर्यावरणीय भार एकत्र मोजण्याच्या पद्धतीस जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात. तिचा आरंभ १९६९ साली अमेरिकेत शीतपेयाच्या बाटल्यांच्या तुलनेतून झाला. काचेची बाटली बरी की अन्य, हा साधा प्रश्न होता. आज तीच पद्धत मोटारींना लावली जाते.

पेट्रोलचेच पाहा. आखातातून आलेले कच्चे तेल मुंबईत शुद्ध होते आणि मनमाडमार्गे टाकलेल्या नळवाहिनीतून आपल्या शेजारच्या मांगलियाला पोहोचते. तेथून टँकर आणि मग पंप. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पण ते लिटर आपल्या टाकीत येईपर्यंत उपसा, जहाज, शुद्धीकरण आणि वाहतूक यांत ढोबळमानाने आणखी पाचवा हिस्सा खर्ची पडलेला असतो. तो कोणत्याही पीयूसी प्रमाणपत्रावर दिसत नाही.

विजेचेही तसेच. विजेची गाडी स्वतः धूर सोडीत नाही, हे खरे. परंतु आपल्या घरातील प्लगची दुसरी बाजू सिंगरौलीच्या विंध्याचल, बैतूलच्या सारणी आणि खंडव्याच्या सिंगाजी अशा वीजकेंद्रांशी जोडलेली आहे. देशाची स्थापित वीजक्षमता २०२५ च्या मध्यास निम्मी बिगर-जीवाश्म झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के आजही कोळशातून येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार देशात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तारांमधील गळती धरली तर आपल्या प्लगपर्यंत तो ०.८ च्या पुढे जातो.

जन्माचे वजन

प्रसूतिगृहात बाळाचे जन्मवजन प्रथम नोंदवतात. गाडीच्या बाबतीतही ते नोंदवावे. आपल्या देशात एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ॲल्युमिनियम, प्लास्टिक, काच, रबर आणि कारखान्याची वीज मिळवली तर छोट्या-मध्यम गाडीच्या जन्माचा भार ढोबळमानाने सहा टन धरता येईल. विजेच्या गाडीत यावर बॅटरीचा भार चढतो. स्वीडनमधील आयव्हीएल या संशोधन संस्थेने २०१७ साली बॅटरीच्या एका युनिट क्षमतेमागे १५० ते २०० किलो, असा अंदाज दिला होता. त्याच संस्थेने २०१९ साली तो ६१ ते १०६ किलोंवर आणला, कारण कारखाने मोठे झाले आणि मोजमापही नेमके झाले. व्हॉट्सॲपवर फिरणारे भयंकर आकडे बहुधा त्या पहिल्या अहवालाचे असतात. मी मध्यम म्हणून ८० किलो धरतो. म्हणजे तीस युनिटांच्या बॅटरीमागे सुमारे २.४ टन. विजेची गाडी एवढे कर्ज घेऊनच जन्माला येते. प्रश्न एवढाच की ते ती किती वर्षांत फेडते.

येथे गाडीच्या आकाराविषयी बोलले पाहिजे. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० जेमतेम साडेसहाशे किलोंची होती आणि तिने आपल्या पिढीतील कितीतरी डॉक्टरांना रात्रीच्या व्हिजिटला नेले. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक उंच-रुंद एसयूव्ही वर्गातील आहेत. महाराज यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३६ च्या सुमारास जवळजवळ सात लिटर इंजिनाची ड्यूसेनबर्ग बांधली गेली. ती एक होती आणि राजाची होती. आज आपण प्रत्येक जण आपापल्या गल्लीचे महाराज झालो आहोत. इंधन कोणतेही असो, दीड-दोन टन लोखंड एका माणसासाठी हलवायचे तर त्याची किंमत द्यावीच लागते. टायरची झीज आणि रस्त्यावरची धूळही वजनाबरोबर वाढते. विजेच्या गाडीचे ब्रेक कमी झिजतात, ही जमेची बाजू मान्य करूनही हे सत्य उरते.

चालण्याचा हिशेब

आता रोजचे चालणे. कंपनीचे ॲव्हरेज आणि आपले ॲव्हरेज यांत अंतर असते. आपल्या पीथमपूरजवळ नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरांचा वेगमार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. तेथे गाड्या विनाअडथळा धावतात. आपण राजवाड्यापासून पलासियापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकतो. म्हणून मी शहरातील व्यावहारिक आकडे धरले. इंधनामागचा छुपा पाचवा हिस्साही त्यांत मिळवला आहे.

लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी किलोमीटरमागे सुमारे १८५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. लिटरला १८ देणारी डिझेल गाडी जवळपास तेवढाच, १८०. किलोला २२ देणारी सीएनजी गाडी सुमारे १५०. मात्र सीएनजी म्हणजे मिथेन, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. म्हणून तिच्या नळ्यांतील गळती फार महत्त्वाची. लिटरला २२ देणारी हायब्रिड सुमारे १२५. आणि शंभर किलोमीटरला १५ युनिटे खाणारी विजेची गाडी, आजच्या विजेवर, सुमारे १३०.

म्हणजे पेट्रोल आणि वीज यांत किलोमीटरमागे ५५ ग्रॅमचा फरक पडला. त्यातून २.४ टनांचे कर्ज फेडायचे तर सुमारे ४४ हजार किलोमीटर धावावे लागते. टॅक्सी वर्षाला ६० हजार धावली तर तिचे कर्ज नऊ महिन्यांत फिटते. वर्षाला १५ हजार धावणाऱ्या नोकरदाराचे तीन वर्षांत. आणि माझ्यासारखा डॉक्टर, जो वर्षाला जेमतेम ५ हजार किलोमीटर चालवतो, त्याचे फिटायला जवळजवळ नऊ वर्षे लागतात.

ही आकडेमोड केली तेव्हा मला जे उमगले तेच या लेखाचे सांगणे आहे. कोणती गाडी, हा दुसरा प्रश्न आहे. किती किलोमीटर, किती वजन आणि किती माणसे, हा पहिला. एकच औषध एका रोग्याला तारक आणि दुसऱ्याला निरुपयोगी ठरते, हे आपल्याला ठाऊक आहे. मग सर्वांना एकच गाडी कशी लागू पडेल?

दोन अहवाल, दोन निदाने

या विषयावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने जुलै २०२१ मध्ये जी तुलना प्रसिद्ध केली, तीनुसार भारतात विजेच्या मध्यम गाडीचा आयुष्यभराचा भार पेट्रोल गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्क्यांनी कमी ठरला. युरोपात हाच फरक ६६ ते ६९ टक्के निघाला, कारण त्यांची वीज आपल्यापेक्षा स्वच्छ. उलट, २०२३ साली आयआयटी कानपूरमधील एका अभ्यासाच्या बातम्या आल्या. त्यात हायब्रिड गाडी पर्यावरणाला अधिक अनुकूल ठरली होती आणि विजेच्या गाडीचा एकूण भार अधिक सांगितला होता. दोन्ही पक्षांनी आपापली कात्रणे मिरवली.

दोन वैद्यांची निदाने वेगळी आली की आपण काय करतो? त्यांनी काय गृहीत धरले, ते तपासतो. वीज पंधरा वर्षे आजच्याइतकीच कोळशाची राहील असे धरले, तर हायब्रिड पुढे जाते. दीड लाख किलोमीटरांच्या आयुष्यात माझ्या हिशेबाने पेट्रोल गाडीचे ३४ टन, विजेच्या गाडीचे २८ टन आणि हायब्रिडचे २५ टन होतात. पण वीज हळूहळू सुधारेल असे धरले, म्हणजे युनिटमागचा भार सरासरीने अर्ध्यावर आला, तर विजेची गाडी २० टनांच्या खाली उतरते. हायब्रिड मात्र आयुष्यभर पेट्रोलच पीत राहते. रस्त्यावर आल्यानंतरही स्वच्छ होत जाण्याची शक्यता विजेच्या गाडीतच अधिक आहे. इतर गाड्या वयाबरोबर बिघडतच जातात.

ती शक्यता आपल्या हाती कितपत आहे? बरीच. छतावरील एक किलोवॅट सौर पॅनेल आपल्या माळव्यात दिवसाला सुमारे चार युनिटे देते. माझ्या ५ हजार किलोमीटरांना वर्षभरात साडेसातशे युनिटे लागतील, म्हणजे अर्धा किलोवॅट पुरे. परंतु पॅनेल छतावर आणि गाडी रात्री अकराला प्लगवर, असे केले तर त्या वेळी वीज बहुतांशी कोळशाचीच येते. आपली गाडी दिवसभर दवाखान्याच्या दारात उभी असते. चार्जिंग तेथे, दुपारी व्हावे. आपल्या महानगरपालिकेने हाच विचार मोठ्या प्रमाणावर केला. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर चढवून आणायला प्रचंड वीज लागते. त्यासाठी ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाकरिता फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले गेले आणि लोकांनी ते उत्साहाने घेतले.

धूर कोणाच्या नाकाशी?

येथवर मी केवळ कार्बनविषयी बोललो. परंतु आपण डॉक्टर आहोत. आपल्या ओपीडीत कार्बन डायऑक्साइड येत नाही, दमा येतो. सूक्ष्म धूलिकण, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बेन्झीन यांचा हिशेब वेगळ्या वहीत मांडला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुरास निश्चित कर्करोगकारक गटात टाकले. त्याच संघटनेने २०२१ साली पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपले राष्ट्रीय मानक ४० आहे. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आल्यावर नव्या गाड्या खूप सुधारल्या, इंधनातील गंधक १० पीपीएमवर आले, हे निःसंशय. तरी शाळा सुटताना फाटकासमोर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांचा धूर मुलांच्या नाकाच्या उंचीवरच निघतो. या वहीत विजेची गाडी निर्विवादपणे जिंकते. कार्बनमध्ये ती हायब्रिडच्या बरोबरीने असली, तरी गर्दीच्या रस्त्यावर ती धूर सोडीत नाही. जेथे पुष्कळ नाके जवळ आहेत, तेथे तिचे मोल मोठे.

मात्र धूर नाहीसा होत नाही, जागा बदलतो. कोळशाच्या एका वीजकेंद्राजवळच्या गावाहून माझ्याकडे वर्षातून दोनदा एक शेतकरी येतात. जुना खोकला आहे, बिडी कधीच ओढली नाही. गेल्या खेपेस सहज म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचे शहर फार स्वच्छ हो. आमच्याकडे अंगणात वाळत घातलेली मिरचीसुद्धा पुसून घ्यावी लागते." त्यांच्या खोकल्याचे कारण राखच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका रोग्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. वीजकेंद्रांच्या धुरातील गंधक डायऑक्साइडवर डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली गेली. मग मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य संयंत्रांना गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. आपले इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आले. २०२३ आणि २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही पहिले आले. या यशात आपणा सर्वांचा वाटा आहे. परंतु आपली हवा स्वच्छ ठेवण्यासाठी दुसऱ्याच्या अंगणात राख पडत असेल, तर निदान विजेच्या गाडीवर 'शून्य प्रदूषण' असा स्टिकर तरी लावू नये.

शेवटचा प्रवास

आपल्याकडे मोटार सहसा मरत नाही. ती इंदूरहून धारला, धारहून झाबुआला जाते. म्हणून जुनी गाडी काढली की तिचा धूर संपला, हा समज खोटा. आपण नवी घेतो तेव्हा बहुधा एकाऐवजी दोन गाड्या धावू लागतात. लोखंड भंगारात जाऊन पुन्हा वितळते, ते ठीक. बॅटरीचे काय?

येथे आपल्या पिढीला एक धडा मिळालेला आहे. पेट्रोलमधील शिसे देशभरातून १ फेब्रुवारी २००० पासून गेले आणि मुलांच्या रक्तातील शिसे उतरले. पण शिसे दुसऱ्या दाराने परत आले, इन्व्हर्टरच्या आणि ई-रिक्षांच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांतून. त्या वस्त्यांमध्ये उघड्यावर फोडून वितळवल्या जातात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातील ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला. त्यांत भारतातील २७ कोटी ५० लाख. लिथियमच्या बॅटरीत शिसे नसते आणि आपल्याकडील अनेक गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या लोह-फॉस्फेट प्रकारात कोबाल्टही नसतो. तरी तिची विल्हेवाट नीट लागलीच पाहिजे. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आपण ग्राहकांनी जुनी बॅटरी चार पैसे अधिक देणाऱ्या भंगारवाल्यास न देता अधिकृत केंद्राकडेच दिली, तरच त्या नियमास अर्थ.

मग काय करावे?

माझी मते स्पष्टपणे मांडतो. आपण असहमत झालात तरी चालेल.

एक, वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्या आणि सुस्थितीतील छोटी गाडी असलेल्या माणसाने केवळ पर्यावरणासाठी नवी गाडी घेऊ नये. माझी जुनी गाडी आणखी दहा वर्षे चालली, तर ती सुमारे सव्वानऊ टन कार्बन सोडेल. नवी विजेची गाडी घेतली तर जन्माचा आणि चालण्याचा मिळून सुमारे पंधरा टन. गाडी जुनी, भारत स्टेज सहाच्या आधीची आहे, म्हणून तिचे ट्यूनिंग आणि पीयूसी काटेकोर ठेवणे हे मात्र माझे कर्तव्य.

दोन, जे खूप धावते ते आधी विजेवर जावे. टॅक्सी, रिक्षा, शहर बस, ॲम्ब्युलन्स आणि पॅथॉलॉजी लॅबची नमुने गोळा करणारी स्कूटर. पेट्रोल स्कूटर किलोमीटरमागे सुमारे ५५ ग्रॅम सोडते, विजेची त्याच्या निम्म्याहून कमी. तिची बॅटरी लहान, म्हणून कर्जही लहान. रोज ६० किलोमीटर फिरणाऱ्या मुलाच्या स्कूटरचे कर्ज सहा महिन्यांत फिटते. आपण स्वतःसाठी मोठी विजेची गाडी घेतो आणि नमुने आणणारा मुलगा जुन्या धुरकट स्कूटरवर फिरतो, हे उलटे उपचार झाले.

तीन, ज्याला नवी गाडी खरोखर हवी आहे, त्याने आधी लहान निवडावी, मग इंधन पाहावे. छत असेल आणि रोजचे अंतर मोठे असेल तर वीज. नसेल तर हायब्रिड किंवा सीएनजी. देवगुराडियाच्या प्रकल्पात, जो १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७ हजार किलो बायो-सीएनजी बनवण्याची क्षमता आहे. ही खरोखर गौरवाची गोष्ट. पण तेवढा वायू शहरातील लाखो वाहनांना पुरणारा नव्हे. तो बसमध्ये जातो, हेच योग्य. चाळीस माणसे घेऊन जाणाऱ्या बसच्या शेजारी एक माणूस घेऊन जाणारी कोणतीही मोटार, मग ती विजेची का असेना, उधळीच ठरते.

चार, आणि हे सांगताना मला खेद होतो, बस हा विषय आपल्यासारख्या सुस्थित लोकांनी सोडून दिला आहे. मे २०१३ मध्ये सुरू झालेला आपला बीआरटीएस फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर मोडीत निघाला. त्यातील दोष मला मान्य आहेत. पण ती चर्चा चालू असताना आपल्यापैकी किती जण त्या बसमध्ये बसले होते? मी चार वेळा बसलो होतो, तेही गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून. ३१ मे २०२५ रोजी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला आहे. ती वाढेल तेव्हा तरी आपण तिचे प्रवासी व्हावे, केवळ तिच्याखाली अडकलेले मोटारवाले नव्हे.

आपल्या संस्थेस एक नम्र सूचना. पुढील वार्षिक संमेलनास येताना प्रत्येकाने आपल्या गाडीचा एक छोटा केसपेपर भरून आणावा. वजन किती, वर्षाचे किलोमीटर किती, सरासरी किती माणसे बसतात आणि इंधन किती लागते. चारच ओळी. रोग्याला आपण सांगतो की आधी वजन आणि साखर लिहून ठेवा, औषधाचे नंतर पाहू. तेच आपणही करू. आणि संमेलनस्थळी येण्यासाठी संस्थेने रामबाग, लोकमान्यनगर आणि सुदामानगर येथून एक-एक बस ठेवावी. गप्पाही होतील.

शेवटी, आमच्या घरचा निकाल सांगून लेखणी थांबवतो. जुनी गाडी मी मेकॅनिककडे नेली, ती आणखी काही वर्षे चालेल असे त्याने सांगितले, आणि नोंदणी वाढवून घ्यायचे ठरले. नव्या गाडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दवाखान्याच्या छतावर सौर पॅनेल बसले आणि आमच्याकडे रक्ताचे नमुने आणणाऱ्या मुलासाठी विजेची स्कूटर घेतली. ती दुपारी दवाखान्यातच चार्ज होते. आठवड्यातून तीन दिवस मी सकाळी पायी जातो. चार किलोमीटरांना पाऊण तास लागतो आणि वाटेत तीन-चार जुने रुग्ण भेटतात. कन्येला हे कळवले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आईचंच खरं झालं." मी हो म्हणालो.

आपणा सर्वांस आणि आपल्या कुटुंबीयांस उत्तम आरोग्य लाभो, हीच सदिच्छा. इत्यलम्.